ए4 कागदावर उभी गाडी

पेट्रोल पंपावरचा हवावाला विचारतो, "किती भरू?" आपण सवयीने सांगतो, "तीस-तीस." त्या तीसमध्ये काय दडलंय, याचा विचार कोणी करत नाही. तीस म्हणजे 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलोंचा दाब. आता मारुतीची जिम्नी घ्या. रिकामी असताना वजन सुमारे 1,200 किलो. चालक आणि सहचालक बसले की 1,340 धरू. 1,340 भागिले 2.1, उत्तर येतं सुमारे 635 चौरस सेंटिमीटर. झेरॉक्सच्या दुकानातला ए4 कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे दोन माणसं, इंजिन, पत्रा, काचा, चार चाकं, सगळं मिळून ही गाडी एका ए4 कागदाएवढ्या जमिनीवर उभी असते. कागदाची चार तुकड्यांत वाटणी करा आणि एकेक तुकडा एकेका चाकाखाली ठेवा.

टायरच्या कडांचा ताठपणा धरला तर हिशोब थोडा इकडेतिकडे होईल, पण गोष्ट तीच. डांबरी रस्त्याला या कागदाचं काही वाटत नाही, चिखलाला वाटतं. एका पायावर उभा असलेला 70 किलोंचा माणूस जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही दाब देत नाही. तरी भातखाचरात त्याचा पाय पोटरीपर्यंत आत जातो. गाडीचा दाब त्याच्या चौपटीहून जास्त. ती किती खोल जाईल, हे विचारायलाच नको.

आणि नेमकं तेच करायला माणसं पैसे खर्चून जातात.

1997 साली लुइस वी यांनी मलेशियात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही स्पर्धा सुरू केली. मुद्दाम ऐन पावसाळ्यात, जंगलात. 2014 पासून तिची भारतीय आवृत्ती गोव्यात पावसाळ्यात भरू लागली. 26 टप्पे, प्रत्येकी 100 गुण, एकूण 2,600. टप्पा म्हणजे शेकडो किलोमीटरची शर्यत नव्हे. ओढा, खड्डा, उभी दरड, चिखलाचं डबकं असा आखून दिलेला छोटासा तुकडा. घाटात गाडी पळवणाऱ्याला तो हास्यास्पद वाटेल. पण जुलैतला गोवा आठवून पाहा. पूर्ण पावसाळ्यात तिथे सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर पडलेलं हे पाणी टँकरने आणायचं म्हटलं तर दहा हजार लिटरचे बाराशे टँकर लागतील. एवढं पाणी प्यायलेल्या तांबड्या मातीत उतरायचं, तेही ए4 कागदाएवढ्या पायावर.

म्हणून पहिला बदल फुकटातला असतो: हवा काढा. 30 ची 10 केली की तोच भार तिप्पट जागेवर पसरतो. एका कागदाचे तीन कागद झाले. पण इथूनच या धंद्याचा नियम सुरू होतो. इथे प्रत्येक फायदा उधारीवर मिळतो, आणि बिल पुढच्या भागाच्या नावावर फाटतं. टायर रिमला घट्ट धरून ठेवतो तो आतल्या हवेच्या जोरावर. हवा काढली की एखाद्या आडव्या धक्क्यात टायर रिमवरून सुटून बाहेर येतो. मग बीडलॉक रिम बसवायचे: टायरची कड दोन कड्यांमध्ये दाबून बोल्टने आवळायची. एका कड्याला 24 बोल्ट असतील तर चार चाकांचे 96. प्रत्येक बोल्ट ठरावीक ताकदीने आवळायचा, आणि चिखलातून आल्यावर पुन्हा तपासायचा. हवा काढायला दहा मिनिटं लागली होती. बोल्ट आवळण्यात संध्याकाळ जाते.

आता ताकदीकडे वळू. जिम्नीच्या दीड लिटरच्या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे 134 न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेतेरा किलोंची पिशवी टांगा, तेवढा पीळ. एवढ्याने काय होणार? पण पहिला गिअर तो पीळ साधारण 4.4 पट करतो, अवघड वाटेसाठीची लो-रेंज दुप्पट, आणि डिफमधले (चाकांकडे पीळ वाटणाऱ्या डिफरन्शियलमधले) क्राउन-पिनियन आणखी चौपट. तिन्हींचा गुणाकार छत्तीस. चाकांपाशी पोचेपर्यंत 134 चे सुमारे 4,850 झाले. घर्षणातली गळती तूर्त विसरू. जिम्नीच्या टायरची त्रिज्या सुमारे 35 सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर मागे ढकलणारा जोर भरतो सुमारे 1,400 किलोंचा. गाडीचं वजन 1,200. कागदावरच्या हिशोबाने, चाकांना चिकटून राहायला काही मिळालं असतं तर शोरूममधून निघालेली ही गाडी उभी भिंत चढली असती.

या छत्तीसला जाणकार 'क्रॉल रेशो' म्हणतात. जीप रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअल गिअरच्या अमेरिकी मॉडेलमध्ये तो 84 आहे. इंजिनचे 84 फेरे झाले की चाक एकदा फिरतं. 1,000 आरपीएमला चाक मिनिटाला बारा वेळाही फिरत नाही आणि गाडीचा वेग भरतो ताशी दोन किलोमीटरहून कमी. शतपावली करणारे आजोबा तिला मागे टाकतील. पण त्याच वेळी तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनचा 353 न्यूटन-मीटरचा पीळ चाकांपाशी जवळजवळ तीस हजारांवर पोचतो. एक मीटरच्या दांडीला तीन टन लटकावल्यासारखा.

मग अडचण कुठे आहे? ताकदीत तर नाहीच. ओल्या चिकणमातीवर टायरची पकड वजनाच्या तीस टक्के आहे असं धरलं, तर 1,200 किलोंच्या गाडीचा जोर जमिनीवर उतरतो जेमतेम 360 किलोंचा. उरलेला हजारभर किलोंचा जोर चाकं जागच्या जागी फिरवण्यात जातो. नवखा माणूस गॅरेजमध्ये येऊन आधी इंजिनबद्दल विचारतो, आणि मुरलेला मिस्त्री त्याला टायर दाखवतो, ते यामुळेच.

टायर मोठे घ्यायचे, तर किती मोठे? जिम्नीचा मूळ टायर उंचीला सुमारे 27 इंच. स्पर्धेतली मंडळी पत्रा कापून, स्प्रिंगा उंच करून 35 इंचापर्यंत जातात. आठ इंच वाढले, पण गाडीच्या पोटाखाली त्यातला निम्माच भाग मिळतो, कारण उरलेला निम्मा ॲक्सलच्या वर जातो. म्हणजे मिळाले चार इंच, दहा सेंटिमीटर. 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स 310 च्या घरात गेला. दगडावर आपटणारा डिफचा गोळा आता सुटून निघतो. छान.

आता बिल वाचा. टायरची त्रिज्या 28 टक्क्यांनी वाढली, म्हणजे तोच पीळ जमिनीपाशी 22 टक्क्यांनी दुबळा झाला. भिंत चढू शकणारे 1,400 किलो आता 1,100 झाले, गाडीच्या वजनाहून कमी. ब्रेकना तेवढंच चाक थांबवायला 28 टक्के जास्त जोर हवा. टायर-रिमचं वजन साधारण दुप्पट झालं आणि ते केंद्रापासून लांबही गेलं. चाक फिरवायला आणि थांबवायला लागणारा प्रयत्न त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो सव्वातीन पट झाला. चार इंच उंचीसाठी एवढं सगळं. म्हणून लो-रेंजचे गिअर दुपटीऐवजी चौपटीचे टाकतात आणि 36 चा आकडा पुन्हा वर नेतात.

पण थांबा. गोव्यात तो वर नेऊनही भागत नाही.

खडकावर सावकाश जाणं हेच शहाणपण. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या दगडांवर 84 चा क्रॉल रेशो वरदान आहे. चिखलात मात्र टायरच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यांतच भरून जातात आणि नक्षीदार टायरचा गुळगुळीत रबरी गोळा होतो. तो चिखल काढायला कोणी खाली उतरत नाही. तो फेकायचा असतो, आणि फेकायला वेग लागतो. 35 इंची टायर ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने फिरत असेल, तर त्याच्या कडेला चिकटलेल्या मातीवर गुरुत्वाकर्षणाच्या 64 पट जोर बाहेरच्या दिशेने येतो. शंभर ग्रॅमचं ढेकूळ सहा किलो चारशे ग्रॅमचं होतं आणि सुटून उडतं. गाडी जागेवर उभी आणि मागे वीस फूट चिखलाचं कारंजं, हे दृश्य बघणाऱ्याला माज वाटतो. खरं तर तिथे टायर धुऊन निघत असतो.

84 च्या रेशोवर इंजिन 5,000 आरपीएमपर्यंत ताणलं तरी चाकाचा वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास राहतो आणि मातीवरचा जोर जेमतेम दीड पट. ढेकूळ बसल्या जागी आरामात राहतं. मोठ्या टायरच्या जिम्नीत मूळ गिअर ठेवून लो-रेंजमध्ये तिसरा टाका आणि तेवढेच आरपीएम द्या, चाक साठच्या पुढे फिरतं. पण तिसऱ्या गिअरमध्ये पीळ उरतो पहिल्याच्या चाळीस टक्क्यांच्याही खाली. म्हणजे दरड चढायला एक गाडी हवी आणि डबक्यातून निघायला दुसरी. गिअर निवडणारा माणूस या दोन गाड्यांमध्ये कुठेतरी तडजोड करतो. मोठं इंजिन लागतं ते इथे: वरच्या गिअरमध्येही पीळ शिल्लक राहावा म्हणून. जुन्या जिप्सी किंगचं इंजिन 103 न्यूटन-मीटरचं होतं. तिच्या पोटात डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग होतो, तो याच कारणाने.

इंजिन म्हटलं की पाण्याचा आकडा आलाच, आणि तो या साऱ्या आकड्यांत सगळ्यात लहान आहे. जिम्नीच्या 1,462 सीसीच्या चार सिलिंडरांत प्रत्येकी 365 सीसी जागा. पिस्टन वर गेला की हवा दहाव्या हिश्श्यात दाबली जाते, आणि वर उरते सुमारे 40 सीसीची पोकळी. हवा दबते, पाणी दबत नाही. एका सिलिंडरमध्ये 40 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी शिरलं, तर वर येणाऱ्या पिस्टनला जायला जागाच नसते. आठ छोटे चमचे पाणी. कटिंग चहाचा ग्लाससुद्धा याहून मोठा. 2,000 आरपीएमला पिस्टन खालून वर यायला सेकंदाचे पंधरा सहस्रांश भाग घेतो. तेवढ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. आणि तेच इंजिन 3,000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 2,200 लिटर हवा ओढत असतं, दोनशे लिटरची अकरा पिंपं. पाण्याखाली गेलेलं तोंड एका क्षणात किती ओढेल, ते यावरून समजावं. छतापर्यंत नेलेला तो काळा नळ, स्नॉर्केल, शोभेसाठी नसतो. त्याच्या सांध्यांमधली एक सैल क्लिप आठ चमचे पाणी आत घ्यायला पुरेशी असते.

शेवटी अशी वेळ येते की ना टायर चालत, ना गिअर. गाडी रुतते. इथे ऑफ-रोडवाले एक जुना ठोकताळा वापरतात. चिखल चाकाच्या उंचीपर्यंत असेल, तर ओढायला गाडीच्या वजनाएवढा जोर धरा. मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, बॉनेटपर्यंत असेल तर तिप्पट. गाडी उलटली तर माणसं वाचवणारा लोखंडी पिंजरा, बंपर, विंच, टायर चढवून आपली गाडी 1,600 किलोंची झाली असं समजा. मग आकडे होतात 1,600, 3,200 आणि 4,800.

विंच म्हणजे पुढच्या बंपरवरचं विजेवर चालणारं रहाट. या खेळात दंतकथा झालेलं वॉर्न कंपनीचं 8274 मॉडेल 1974 साली आलं. क्षमता 8,000 पौंड, म्हणजे सुमारे 3,630 किलो. युक्ती पुन्हा गिअरचीच: मोटर 134 वेळा फिरते तेव्हा दोराचा रूळ एकदा फिरतो. मडगार्डपर्यंतच्या चिखलाला हे पुरावं. पण खोड आहे. ही क्षमता रुळावर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाची. थरागणिक दोर केंद्रापासून लांब जातो आणि जोर घटतो. रूळ भरलेला असेल तर जवळपास दोन तृतीयांशच उरतो, चोवीसशे किलोंच्या आसपास. म्हणून झाड जवळ असलं तरी अनुभवी माणूस लांबचं झाड शोधतो. किंवा कप्पी लावतो. विहिरीवरची कप्पी नुसती दिशा बदलते, इथे ती जोर दुप्पट करते आणि वेग निम्मा. 4,800 च्या कर्जातून सुटायचा तोच मार्ग.

पूर्ण भाराला विंचची मोटर 400 अँपिअरहून जास्त वीज ओढते. बारा व्होल्टला ते झाले 4,800 वॅट, म्हणजे दीड टनाचे तीन एसी एकदम. आणि हे सगळं घराच्या मीटरवर नाही, बॉनेटखालच्या एका बॅटरीवर. 60 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर नऊ मिनिटं टिकते, प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी, कारण घाईने उपसलेली बॅटरी आधीच मान टाकते. म्हणून दुसरी बॅटरी, मोठा अल्टरनेटर, अंगठ्याएवढ्या जाड केबल. युरोपातल्या विंच-स्पर्धांत तर एका विंचवर दोन-दोन मोटरी बसवतात.

आता दोर. तीस मीटर पोलादी दोराचं वजन बारा किलोंच्या आसपास. तेवढ्याच जाडीचा कृत्रिम धाग्याचा दोर दोन किलोंहूनही हलका, पाण्यावर तरंगणारा, आणि तरीही कित्येक टन ओढणारा. पण तो घेण्याचं खरं कारण वजन नाही, तुटणं हे आहे. नऊ मीटरचा नायलॉनचा रिकव्हरी पट्टा घ्या. तो वीस टक्के ताणला गेला आणि टोकाला चार टन जोर असला, तर त्यात सुमारे 36,000 ज्यूल ऊर्जा साठते. दीड टनाची गाडी ताशी 25 किलोमीटरने धडकताना तेवढीच ऊर्जा असते. यातली फक्त पाव ऊर्जा तुटलेल्या टोकाच्या एक किलोच्या लोखंडी शॅकलला मिळाली, तर तो ताशी 480 किलोमीटरने सुटतो. कृत्रिम दोर ताणला तरी फार लांबत नाही आणि वजनाने हलका असतो, त्यामुळे तुटला तर बहुधा तिथेच गळून पडतो. तरीही ताणलेल्या दोरावर ओलं गोणपाट टाकायचं आणि माणसांनी लांब उभं राहायचं, हा नियम मोडायचा नसतो.

गाडी उलटण्याचा हिशोबही असाच कडक आहे. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमांनुसार प्रमाणित पिंजऱ्याच्या मुख्य कमानीने गाडीच्या वजनात 150 किलो मिळवून येणाऱ्या आकड्याच्या साडेसातपट भार वरून सोसायचा असतो. आपल्या 1,600 किलोंच्या गाडीसाठी तो तेरा टनांवर जातो. एक रिकामी एसटी छतावर ठेवण्यापेक्षाही जास्त.

असं सगळं केलेली गाडी घेऊन तुम्ही रस्त्यावर निघालात, तर आणखी एक आकडा वाट बघत असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दर बदलामागे! टायर, स्प्रिंगा, बंपर, इंजिन, कापलेला पत्रा. वर मोजलेल्यांपैकी दहा जरी धरले तरी पन्नास हजार. म्हणून या गाड्या स्पर्धेला स्वतःच्या चाकांवर जात नाहीत, ट्रकच्या पाठीवर बसून जातात. चिखलात पोचण्यासाठी बनवलेली गाडी चिखलापर्यंत चालत जाऊ शकत नाही.

मग ही उधारी कुठे थांबते? चाक पूर्वी 27 इंचाचं होतं, तेव्हा जास्त पीळ आला की टायर घसरायचा आणि चाकाला पीळ पोचवणारा दांडा, हाफ शाफ्ट, वाचायचा. आता टायर मोठा झाला, पकड वाढली, दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारा लॉकर बसवल्याने एका बाजूचं चाक हवेत असताना सगळा पीळ दुसऱ्या बाजूच्या एकट्या शाफ्टवर येऊ लागला. शाफ्ट तुटतो. जाड करावा? शाफ्टची ताकद जाडीच्या घनाने वाढते. 25 चा 30 मिलिमीटर केला, जाडी फक्त वीस टक्क्यांनी वाढली, तर ताकद 73 टक्क्यांनी वाढते. इतका स्वस्त सौदा या सगळ्या वहीत दुसरा नाही. पण मग बिल क्राउन-पिनियनकडे जातं. शाफ्ट तुटला तर गाडीचा भार शाफ्टवर न टाकणाऱ्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये चाक न उतरवता, चार-सहा बोल्ट सोडून तो बाहेर ओढता येतो आणि दुसरा घालता येतो. क्राउन-पिनियन फुटलं तर डिफ उघडावा लागतो. पावसात, चिखलात, घड्याळ चालू असताना.

म्हणून मुरलेला मिस्त्री शाफ्ट लागेल तेवढा जाड करतो, मिळेल तेवढा नाही. क्राउन-पिनियनपेक्षा तो किंचित दुबळा राहील, हे हिशोबाने बघतो. घरच्या मीटरपाशी फ्यूजची तार आपण मुद्दाम बारीक घालतो, तसंच. तीस हजार न्यूटन-मीटर, चौसष्ट पट जोर, चारशे अँपिअर, या सगळ्याचा शेवट कुठे व्हावा, ते त्याने गॅरेजमध्येच ठरवलेलं असतं. स्पर्धेच्या सकाळी अशा गाडीत वाकून बघा. पिंजऱ्याच्या आडव्या नळीला रबरी पट्ट्यांनी दोन हाफ शाफ्ट बांधलेले दिसतील. कोरे, ग्रीस लावलेले, हात घातला की सुटतील असे.